लवंगेआडचा वास

दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर डॉलीने खाणं सोडलं नाही. हे आधीच सांगते, कारण भेटायला येणाऱ्यांना ते ऐकायचं असे. कुत्र्याने मालकामागे अन्न सोडलं, अशी गोष्ट लोकांना आवडते. डॉली दोन्ही वेळ ताकात कुस्करलेली भाकरी खात होती आणि ताटली चाटून लख्ख करत होती. बसून मात्र राहायची.

पेडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीच्या खिडकीखाली दादांची खाट होती. ती आता मागच्या पडवीत भिंतीला उभी करून ठेवली होती. खाटेच्या उशाकडच्या कोपऱ्यात आईचा दगडी खलबत्ता तेवढा राहिला होता. तो खरं तर स्वयंपाकघरातला. पण दादांना गोळ्या गिळता येईनात तेव्हा आई त्या कुटून द्यायची, म्हणून तो पुढे आला होता. डॉली खोलीत यायची, त्या कोपऱ्यापुढे थांबायची आणि हळूहळू बसायची. लॅब्राडोर जातीची, अकरा वर्षांची म्हातारी. कंबर धरलेली, त्यामुळे बसताना मागचे पाय थरथरायचे. बसली की पुढचे पाय जुळवायची, मान सरळ करायची, नाक कोपऱ्याकडे. मग मान वळवून खोलीत असेल त्या माणसाकडे बघायची आणि परत कोपऱ्याकडे.

भेटायला आलेल्या बायका ते पाहून डोळ्यांना पदर लावायच्या. शेजारच्या धुरपताबाई आईला म्हणाल्या, "माणसापरीस बरी गं मालनबाई. आमचं म्हातारं गेलं तवा आमची सून मालिका बघायली होती."

ते बसणं मला ओळखीचं होतं आणि त्याचा दुःखाशी संबंध नव्हता.

माझे वडील सिद्धोधन पोलिसांच्या श्वान पथकातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. डॉली त्यांच्या हाताखाली तयार झालेली शेवटची कुत्री. अमली पदार्थ, त्यातही गांजा, शोधणं हे तिचं काम. ती सेवेतून निघाली तेव्हा दादांनी अर्ज करून तिला घरी आणलं. अशा कुत्र्यांना सापडल्याची खूण शिकवतात. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. वास जिथून येतो तिथे तोंड करून बसायचं आणि आपल्या माणसाकडे बघायचं. ‘मला सापडलं, तुला दिसलं का,’ एवढाच त्याचा अर्थ. मग तिला लाल रबरी चेंडू मिळायचा. तो चेंडू दादा एरवी खिशाबाहेर काढत नसत. सुट्टीत घरी आले की मी तो मागायचे, तिच्याशी खेळायला. दादा म्हणायचे, तो तिचा पगार आहे, काम केल्याशिवाय पगार देऊन माणसं बिघडतात, कुत्री तर बिघडतातच.

तेव्हा डॉली त्या कोपऱ्यापुढे बसून दिवसातून अनेकदा जे सांगत होती ते सरळ होतं. इथे गांजा आहे, किंवा होता.

दादांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. आमच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना होते. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षापासून ती एकही संध्याकाळ चुकलेली नाही असं घरात सांगतात. पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. दादा ते इतरांपेक्षा किंचित मोठ्याने म्हणत. नोकरीत ज्या वस्तूसाठी त्यांनी माणसं पकडून दिली तीच वस्तू स्वतःच्या उशाशी, हे मला मनात मांडूनही बघता येईना.

मी पुण्याकडे मसाल्यांचे अर्क काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मिरे, लवंग, वेलदोडा यांची तेलं यंत्रातून जातात आणि पडद्यावर टोकं उमटतात; एकेक टोक म्हणजे एकेक द्रव्य. या वासाच्या द्रव्यांचं एक मोठं कुटुंब आहे, त्यांना टर्पीन म्हणतात. निसर्ग या बाबतीत काटकसरी आहे. तीच ती द्रव्यं तो पुन्हा पुन्हा वापरतो, फक्त प्रमाण बदलतो. लिंबाच्या सालीत आहे ते गांजाच्या तुऱ्यात आहे. कैरीच्या देठाशी जो उग्र वास येतो, त्यातलं मिरसीनही त्यात आहे. आणि मिऱ्यात, लवंगेत, तुळशीत असतं ते कॅरिओफिलिन गांजात भरपूर असतं. खुद्द नशा आणणाऱ्या द्रव्याला मात्र जवळजवळ वासच नाही. कुत्रं नशेला हुंगत नाही, नशेच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हुंगतं. हवा लागून जुनं झालेलं कॅरिओफिलिन ही कुत्र्यांची मोठी खूण, असं एका जुन्या प्रयोगात दिसलं होतं. हे मी दादांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले होते. "म्हंजे इतकी वर्षं आमी मिऱ्यालाच पकडायलाव की," म्हणाले.

म्हणून माझ्याकडे एक स्पष्टीकरण तयार होतं. त्या खलबत्त्यात आई लवंग आणि मिरेही कुटत होती. दादांना संध्याकाळी हळद, मिरे, लवंग घातलेलं दूध द्यायची, ते स्वयंपाकघरात तापवताना मी स्वतः पाहिलं होतं. दगड तेल पितो. ते तेल जुनं होतं, त्यात तेच द्रव्य तयार होतं. डॉली म्हातारी झाली होती, तिचं नाक फसलं. स्पष्टीकरण इतकं नेटकं होतं की मला त्याचा संशय आला.

कारण दादांनी नेमका हाच विचार तिच्या लहानपणी केला होता. सराव घेताना मैदानात डबे ओळीने मांडायचे. एकात खरा नमुना, बाकीचे फसवे. फसव्या डब्यांत काय घालायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असे. दादा लवंग, मिरे, तुळस, हिंग, चहाची पूड घालायचे आणि ते सगळं आमच्या स्वयंपाकघरातून जायचं. आई म्हणायची, तुमची कुत्री माझ्या मसाल्यावर नोकरी करायली. फसव्या डब्यापुढे बसली तर चेंडू नाही. लवंगेत लपवलेल्या गांजापुढे बसली तर चेंडू. दादा समजावून सांगत, आपल्याला वरणाचा वास येतो, तिला जिरं वेगळं, लसूण वेगळा, हिंग वेगळा. वासावर वास ठेवून तो झाकत नाही. तिच्या साऱ्या नोकरीत ती लवंगेपुढे बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

डॉली चुकली म्हणावं तर दादांचं काम खोटं ठरत होतं. डॉली बरोबर म्हणावं तर दादा.

दुसरी गोष्ट आईची. वंदनेला आम्ही दोघीच बसायचो. दादांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे फुलं ठेवून. आईचा आवाज बारीक पण स्पष्ट आहे. पहिलं शील, दुसरं, तिसरं ती माझ्याबरोबर म्हणायची. चौथ्याला तिचे ओठ थांबायचे. चौथं खोटं न बोलण्याचं. पाचव्यालाही ती गप्प. मग पुढचं पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी मला वाटलं गळा दाटला असेल. पण गळा रोज त्याच दोन ओळींना दाटत नाही.

रविवारी दादांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बौद्धाचार्यांना सांगून झालं होतं, मांडव सांगितला होता, धुरपताबाईंनी पुऱ्या लाटायची जबाबदारी आपण होऊन घेतली होती. आईने मला अगदी सहज सुरात सांगितलं की त्या दिवशी वंदनेला मी पुढं बसणार न्हाई, तू बस. कार्यक्रमात घरच्या बाईने पुढे बसून शील घ्यायचं नाही, हे लोकांच्या नजरेत आल्याशिवाय राहिलं नसतं. का, असं विचारलं तर गुडघ्याचं कारण दिलं. त्याच गुडघ्यांनी ती सकाळी पाटीभर भांडी घासत होती.

शुक्रवारी हरिओमचा फोन आला. हरिओम पोखर्णीचा; पथकात दादांच्या हाताखाली शिकला आणि आता स्वतः एक कुत्रा सांभाळतो. रविवारी पथकातले आम्ही तिघं-चौघं येतो म्हणाला. मला दोन शब्द बोलायचेत, चालेल ना ताई, असं विचारलं. काय बोलणार तेही लहान मुलासारखं म्हणून दाखवलं. गांजाच्या पोत्यांमध्ये नोकरी गेली पण साहेबांनी चहापलीकडे कशाला हात लावला नाही, असं त्यात होतं. शेवटी म्हणाला, डॉलीला भेटायचंय, तिला कुठं बांधून ठेवू नका.

हरिओमला ते बसणं कळायला एक क्षण लागला नसता.

मी फोन ठेवला आणि खलबत्ता उचलून मागच्या अंगणात नेला. राखेने घासला, मग साबणाने, मग उकळतं पाणी ओतलं. दुपारचं ऊन चांगलं होतं. उन्हात उपडा घातला. दगड वाळला तेव्हा मी नाक लावून पाहिलं. मला राखेचा वास आला, साबणाचा आला आणि त्याच्या मागे पुसटशी लवंग. माझं नाक कामावरचं आहे, पण माणसाचंच आहे. डॉली पडवीतून उठून आली, खलबत्त्याभोवती एकदा फिरली आणि थरथरत बसली. माझ्याकडे बघितलं.

आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही.

"कितीबी घास," ती म्हणाली. "ती उठायची न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली उतरली आणि धुण्याच्या दगडावर बसली, डॉलीच्या बाजूला.

"मी दिलं," आई म्हणाली. "दुधातून. त्येन्ला सांगितलं न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. ओळीने सांगितलं, काही न गाळता, जणू जबानीच देत होती. दवाखान्यातून मिळालेल्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी दुखणं हटत होतं, पण पोटात पाणी ठरत नव्हतं. अन्नाचा वास आला तरी दादा तोंड फिरवायचे. हाडांवर कातडी राहिली होती. कुणीतरी तिला सांगितलं की याने भूक लागते, उलटी थांबते, झोप येते. आणि त्याच कुणीतरी चिमूटभर आणूनही दिलं. कुणी ते विचारू नको, आई म्हणाली. मी विचारलं नाही. दादांना विचारावं तर ते नाहीच म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ते लवंग आणि मिऱ्यांबरोबर कुटलं, तुपावर परतून दुधात घातलं आणि वास झाकावा म्हणून लवंग दुप्पट केली. माझ्यासमोर तापवत होती तेव्हाही त्यात ते होतं. उरलेलं तिने दादा गेले त्याच दिवशी चुलीत घातलं.

"गुण आला व्हता," ती म्हणाली. "एक दिस पिठलं मागितलं. अर्धी भाकर खाल्ली. मी भिताडाकडं तोंड करून रडले."

मग तिने तो प्रश्न विचारला. माझ्या लक्षात आलं की ती मी आल्यापासून त्यासाठी थांबली होती. तिच्या दृष्टीने मी या गोष्टींचं शिकलेली होते.

"त्याच्यानं लवकर गेले का गं?"

नाही, असं मी सांगितलं. दादांचा आजार कुठवर गेला होता ते तपासणीच्या कागदांवरून मला आधीच माहीत होतं. चिमूटभर पाल्याने तो ना पुढे गेला असता ना मागे. खरं तेवढंच सांगायचं म्हणून मी हेही सांगितलं की त्याने भूक लागते आणि मळमळ कमी होते याला आधार आहे, झोपेबद्दल लोक बोलतात त्यातलं बरंच वासाच्या द्रव्यांवर ढकललेलं आहे आणि ते नीट सिद्ध झालेलं नाही. ती जिने वास झाकायला निघाली होती त्या लवंगेतलं द्रव्य शरीरात गांजा जिथे जाऊन बसतो त्यांतल्याच एका जागी बसतं, फक्त नशा आणत नाही. उंदरांवर दिसलंय की त्याने सूज उतरते.

"उंदराचं काय सांगायलीस," आई म्हणाली.

मी उपडा खलबत्ता सरळ केला.

"मरणाचं जाऊ दे," ती म्हणाली. "ते जाणारच व्हते. पर जलमभर पाळलेलं शील मी मोडलं. अन् त्येंच्या नकळत मोडलं. त्येन्ला वाटायलं असंल आपण सरळ गेलो. परवा समदे उठून तेच सांगतील. मी त्या फोटोम्होरं बसून कोणत्या तोंडानं म्हणू, मी खोटं बोलत न्हाई?"

पाचव्या शिलात औषधाला सूट असते का, भिक्षूंना तेव्हा काय परवानगी होती, याबद्दल मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं. पण आईला परवानगी नको होती. तिने विचारलं नव्हतं, हा तिचा प्रश्न होता आणि ज्याला विचारायचं तो आता नव्हता.

डॉली अजून बसलीच होती. तिचे मागचे पाय घसरायला लागले तसे तिने ते ओढून पुन्हा नीट केले. आईने हात लांब करून तिच्या मानेवर ठेवला.

"ही तर रोजच बसायची," आई म्हणाली. "मी दूध घेऊन आले की खाटंपाशी येऊन बसायची. मग हे चेंडू द्यायचे तिला. मला बरं वाटायचं. म्हटलं, तेवढाच जीव रमायलाय त्येंचा."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. कधी द्यायचे चेंडू? दुधाआधी की नंतर?

"दूध हातात घेतलं की. आधी तिला चेंडू, मग दूध प्यायचे. रोजचं ठरल्यालं."

"एरवी द्यायचे? दिवसा, खेळायला?"

आई विचार करू लागली. मग तिचा हात डॉलीच्या मानेवर थांबला. चेंडूचा नियम तिला माझ्याइतकाच माहीत होता, कदाचित जास्त. मला तो खेळायला मिळत नसे तेव्हा माझी समजूत तीच काढायची.

"एरवी न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे डॉलीने सांगितलं आणि दादांनी तिला पगार दिला."

"त्येन्ला ठावं व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्यांना तर डॉलीचीही गरज नसेल. तीस वर्षं तोच वास घेत होते ते."

धुरपताबाईंच्या अंगणातून शेळी ओरडली, त्या तिला शिव्या देत बाहेर आल्या, आम्हा दोघींना बघून परत आत गेल्या. आईच्या चेहऱ्यावर दुःख येईल असं मला वाटलं होतं. आला तो राग.

"लवंग कमी घाल म्हणायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, लवंगेनं काय फरक पडत न्हाई मालन, उगं तोंड भाजतंय. मी म्हणायची, ताप उतरंल. अन् आणिक दोन टाकायची. येवढी लवंग पाजली मी त्या माणसाला." मग म्हणाली, "बोलायचं न्हाई का? तोंड व्हतं ना?"

"बोलले असते तर तुला देणं बंद करावं लागलं असतं. नाहीतर त्यांना पिणं."

"मंग माझ्याशी न्हाई बोलले."

"डॉलीशी बोलले," मी म्हटलं. "ती खरं सांगत होती. तिला खोटं कसं पाडणार?"

आई उठली. वाळलेला खलबत्ता तिने दोन्ही हातांनी उचलला. मी तो स्वयंपाकघरात ठेवू म्हटलं, रविवारचं माणसांचं येणंजाणं व्हायच्या आत. तिने ऐकलं नाही. पुढच्या खोलीत नेऊन जुन्याच कोपऱ्यात ठेवला. डॉली मागोमाग गेली.

खुंटीला दादांचा सदरा होता. तो कुणी हलवला नव्हता. मी त्याच्याजवळून जाताना श्वास रोखून जायचे. वास घेतला असता तर सवयीने त्यातले घटक वेगळे होऊ लागले असते आणि ते मला नको होतं. खिसा एका बाजूला फुगलेला होता. त्यात काय आहे हे आम्हा दोघींना आता माहीत होतं. पण त्या दिवशी आईने तिकडे हात नेला नाही आणि तिच्याआधी मी न्यावा असं मला वाटलं नाही. संध्याकाळी वंदनेला तिने पुन्हा दोन ओळी गाळल्या.

रविवारी मांडव उभा राहिला. खुर्च्या आल्या, पालमहून मावशीकडची माणसं सकाळच्या एसटीने आली. धुरपताबाई पहाटेच येऊन पुऱ्यांना बसल्या होत्या. जीप थांबल्याचा आवाज आला आणि कुणीतरी पोलीस आले म्हणालं, तशा त्यांनी परात ओढून चुलीच्या पलीकडे नेली आणि दाराकडे पाठ केली. नंतर पाणी मागायलासुद्धा बाहेर आल्या नाहीत. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही.

हरिओम साध्या कपड्यांत होता, हातात पांढऱ्या फुलांचा हार. त्याने फोटोला हार घातला, आईच्या पाया पडला, काकू म्हणाला आणि डॉलीला शोधू लागला. डॉलीने त्याला वासावरून ओळखलं. शेपूट हलवत त्याच्या पायांत घुसली, तसा तो गुडघ्यांवर बसला आणि तिच्या कानांमागे खाजवू लागला. म्हातारी झाली की गं, म्हणाला. पथकातले बाकीचे दोघंतिघंही भोवती उभे राहिले. पूर्वीची माणसं भेटली म्हणून असेल, डॉली एकदम ताठ झाली. तिने खोलीत एक फेरी मारली, भिंतीकडेने, शिकवल्याप्रमाणे. कोपऱ्यापाशी थांबली. बसली. पुढचे पाय जुळवले आणि मान वळवून हरिओमकडे बघितलं.

हरिओमचा हात हवेतच राहिला. त्याच्या मागच्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर मांडवात माईक तपासत होते. खोलीतल्या बायकांपैकी एकीने ‘मुकं जनावर’ असं पुन्हा सुरू केलं.

हरिओमने माझ्याकडे पाहिलं. मी दोन दिवस पाठ करून ठेवलं होतं ते ओठांवर आलं: आई त्यात लवंग-मिरे कुटते, दगडात तेल मुरलंय, वय झालंय तिचं. तीन वाक्यांचं काम. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं. आणि ते म्हटलं असतं तर हरिओमने मान हलवली असती, कारण त्याला ते हवं होतं. डॉली त्याच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग कोपऱ्याकडे. दादा गेल्यापासून ती बरोबर सांगत होती आणि कुणी तिला हो म्हटलं नव्हतं.

आई उठली. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. चेंडू काढला; लाल रंग जाऊन तो विटकरी झाला होता. तिने तो कधी हातात धरला नव्हता हे तिच्या धरण्यावरून कळत होतं. खाली वाकली आणि डॉलीपुढे जमिनीवर घरंगळत सोडला.

"शाबास," आई म्हणाली. "बरोबर हाय तुझं."

डॉलीने चेंडू तोंडात धरला आणि ती आडवी झाली, कंबर एका अंगावर टाकून. हरिओम अजून गुडघ्यांवरच होता. तो काही वेळ खलबत्त्याकडे बघत राहिला, मग आईकडे. मग उठला, आपल्या सोबतच्यांना म्हणाला, चला, बाहेर बसू.

बौद्धाचार्यांनी बोलावलं तेव्हा आई पुढे जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. माईक त्यांच्यापुढे होता, पण मला ऐकायचा होता तो आवाज माझ्या उजव्या हाताला होता. तिसऱ्या शिलानंतर मी माझा आवाज खाली घेतला. आईने चौथं म्हटलं. पाचवं म्हटलं, दादा म्हणायचे तसं, किंचित मोठ्याने. खोलीतून चेंडू चावल्याचा रबरी आवाज येत होता, कचकच, थांबून थांबून.

हरिओम बोलला ते थोडंच. चहापलीकडे हात न लावण्याचं वाक्य त्याने गाळलं. साहेबांनी आम्हाला एकच शिकवलं, तो म्हणाला, कुत्रं खरं सांगत असेल तर आपल्या सोयीसाठी त्याला खोटं पाडायचं नाही. लोकांनी ते कुत्र्यांबद्दलचं म्हणून ऐकलं.

जेवणं झाल्यावर तो जीपपाशी माझी वाट बघत थांबला होता. त्याने इकडेतिकडे बघितलं नाही, आवाज खाली घेतला नाही.

"साहेबांना कळलं व्हतं का, ताई?"

"हो. रोज चेंडू द्यायचे तिला, दुधाआधी."

त्याने मान हलवली. जीपचं दार उघडलं, पाय आत टाकला आणि थांबला.

"चेंडू पार झिजलाय," तो म्हणाला. "दुसरा पाठवतो. काकूंना सांगा, बसली की लगेच द्यायचा. उशीर केला की तिला वाटतं आपलंच चुकलं."

आत आले तेव्हा धुरपताबाई पुढच्या खोलीत उभ्या होत्या, हाताला पीठ तसंच. गेले का, एवढंच त्यांनी विचारलं. गेले, आई म्हणाली, आणि चहासाठी आलं ठेचायला म्हणून कोपऱ्यातला खलबत्ता तिने पुढ्यात ओढला. डॉली मान वर करून बघू लागली.